मूत्रपिंडातील मोठी गाठ: दुर्बिणीची शस्त्रक्रिया पोटातून करावी की पाठीमागून?

अनुज्ञा

नमस्कार. माझ्या आईचे वय ६३ वर्षे आहे. तिच्या उजव्या मूत्रपिंडात ९.५ सेंटीमीटरची गाठ असल्याचे सीटी स्कॅनमध्ये आढळले असून ती मूत्रपिंडाच्या खालच्या टोकापासून मध्यापर्यंत पसरलेली आहे. मूत्रपिंडाची शीर आणि पोटातील महाशीर मोकळी आहे, लसिका ग्रंथी वाढलेल्या नाहीत, छातीच्या स्कॅनमध्ये काही सापडलेले नाही आणि डावे मूत्रपिंड चांगले काम करत आहे, असे अहवाल सांगतात. आजाराचा टप्पा ‘टी२ए’ असा नोंदवलेला आहे, म्हणजे कर्करोगाची गाठ सात ते दहा सेंटीमीटरची, पण मूत्रपिंडापुरतीच मर्यादित.

आम्ही दोन शल्यचिकित्सकांचा सल्ला घेतला. उजवे मूत्रपिंड पूर्ण काढावे लागेल आणि ते दुर्बिणीने काढता येईल, याबाबत दोघांचे एकमत आहे. मतभेद आहे तो मार्गाबाबत. पहिल्या डॉक्टरांच्या मते गाठ मोठी असल्यामुळे पोटातूनच जावे, कारण मागच्या बाजूला हात चालवायला पुरेशी जागा मिळणार नाही. दुसऱ्या डॉक्टरांच्या मते पाठीमागून जाणे अधिक सुरक्षित आहे, कारण आईची पूर्वी पोटाची दोन ऑपरेशन्स झाली आहेत: एक पित्ताशयाचे, जे त्या काळी पोट उघडून केले होते आणि ज्याचा तिरका व्रण उजव्या बरगडीखाली आहे, आणि दुसरे गर्भाशय काढण्याचे, ज्याची आडवी चीर ओटीपोटावर आहे. या जुन्या ऑपरेशनांमुळे आतडी चिकटलेली असू शकतात, असे त्यांचे म्हणणे आहे. तिसरीकडे, रोबोने केल्यास हा प्रश्नच उरत नाही, असे एका परिचितांनी सुचवले आहे.

दोन्ही डॉक्टर अनुभवी आहेत आणि दोघांनीही शांतपणे वेळ देऊन समजावले. एकाच स्कॅनवरून दोन जाणकार इतकी वेगळी मते कशी देतात, आणि या दोन मार्गांत रुग्णाच्या दृष्टीने खरा फरक नेमका कुठे पडतो, हे मला समजून घ्यायचे आहे. आमच्या वतीने कोणी निर्णय द्यावा अशी अपेक्षा नाही.

शल्यवेध

अनुज्ञा, तुम्ही अहवालातील नेमके मुद्दे लिहिल्यामुळे उत्तर देणे सोपे झाले आहे. मी मूत्रशल्यचिकित्सक आहे. दोन्ही मार्ग वापरतो, परंतु सात सेंटीमीटरपेक्षा मोठ्या गाठीसाठी बहुतेक वेळा पोटातून जातो. हे आधीच सांगतो, म्हणजे माझा कल कुठे आहे ते लक्षात ठेवून तुम्हाला पुढचे वाचता येईल. तुमच्या आईंना मी तपासलेले नाही आणि स्कॅनच्या प्रतिमाही पाहिलेल्या नाहीत, त्यामुळे मी जे लिहीन ते तत्त्वापुरतेच समजावे.

मूत्रपिंड आतड्यांच्या पिशवीत नसते. ते त्या पिशवीच्या, म्हणजे उदरावरणाच्या, मागे आणि पाठीच्या स्नायूंच्या पुढे चरबीत रुतलेले असते. त्यामुळे त्याच्यापर्यंत पुढून जाता येते तसे मागूनही जाता येते. पुढून जाताना पोटात कार्बन डायऑक्साइड भरून साधारण १२ ते १५ मिलिमीटर पाऱ्याइतका दाब ठेवतात. मग उजव्या बाजूचे मोठे आतडे त्याच्या कडेच्या रेषेवर सोडवून आतल्या बाजूला उलटवतात, यकृत वर उचलून धरतात, लहान आतड्याचा सुरुवातीचा भाग हलक्या हाताने बाजूला करतात आणि तेव्हा कुठे निळसर महाशीर दिसते. मागून जाताना यांतले काहीच करावे लागत नाही, परंतु तिथे आयती पोकळी नसल्यामुळे ती आधी तयार करावी लागते.

खरी जोखीम मूत्रपिंड सुटे करण्यात नाही. ती त्याच्या मुळाशी, रक्तवाहिन्यांपाशी आहे. तिथे शीर पुढे आणि धमनी मागे असते, आणि बांधायची मात्र धमनी आधी असते. शीर आधी बंद केली तर रक्त आत येत राहते, बाहेर पडायला वाट उरत नाही, मूत्रपिंड फुगते आणि गाठीवरच्या पातळ भिंतीच्या नसांतून रक्तस्राव सुरू होतो. म्हणून पोटातून जाणाऱ्याला आधी दिसणारी शीर जपून बाजूला धरून तिच्या मागची धमनी शोधावी लागते. उजवीकडे हे काम अधिक नाजूक असते, कारण उजवी शीर अवघी दोन ते चार सेंटीमीटर लांबीची असून ती थेट महाशिरेला मिळते. धमनीला क्लिपा लावल्यानंतर मी नेहमी क्षणभर थांबून शिरेकडे पाहतो. ती सैल पडली तर पुढे जायला हरकत नसते. ती टम्म राहिली, तर दुसरी एखादी धमनी कुठेतरी चालू आहे असे समजून तिचा शोध घ्यावा लागतो. एकापेक्षा अधिक धमन्या असणे मुळीच दुर्मिळ नाही, साधारण चारांपैकी एका माणसात तसे आढळते.

आता गाठ मोठी असल्याने काय बदलते? आकार हा त्यातला एक भाग झाला. अशा गाठी स्वतःसाठी नवे रक्त ओढून घेतात, त्यामुळे मूत्रपिंडाभोवतीच्या चरबीत एरवी नसणाऱ्या फुगीर शिरांचे जाळे तयार होते आणि गाठीला हात लावण्याआधीच वाटेत रक्त येऊ लागते. गाठीच्या रेट्याने मुख्य रक्तवाहिन्या आपल्या जागेवरून सरकतात. त्यातच खालच्या टोकाची गाठ असेल तर आणखी एक अडचण येते: पोटातून काम करताना आम्ही मूत्रपिंडाचे खालचे टोक उचलून धरतो, म्हणजे मुळाशी असलेल्या वाहिन्या ताणल्या जाऊन स्पष्ट दिसतात, आणि तेच टोक जड झालेले असेल तर ते उचलणे कठीण होते. तरीही पोटात गाठ इकडे-तिकडे ढकलायला मोकळीक असते. मागच्या अरुंद जागेत ती मोकळीक कमी पडते, आणि खालच्या टोकाची गाठ नेमकी आम्हाला जिथे पोकळी करायची असते त्या भागातच फुगून आलेली असते. पहिल्या डॉक्टरांच्या मनात बहुधा हेच असावे.

या सगळ्यात मूत्रपिंडाभोवतीचे चरबीचे आवरण फाटू न देणे हे मुख्य पथ्य आहे. गाठ त्या आवरणासकट, अखंड बाहेर आली पाहिजे. कोणत्याही मार्गाने हे साधणार नसेल तर दुर्बिणीचा आग्रह सोडून पोट उघडावे, आणि युरोपीय मूत्ररोगतज्ज्ञ संघटनेच्या मार्गदर्शक सूचनांचा आशयही हाच आहे: टी२ टप्प्यातील गाठीसाठी दुर्बिणीने मूत्रपिंड काढणे हा योग्य पर्याय आहे, पण कर्करोगाच्या उपचारात, उरलेल्या मूत्रपिंडाच्या कार्यात किंवा शस्त्रक्रियेच्या सुरक्षिततेत तडजोड होणार असेल तेथे तो वापरू नये.

रोबोविषयी थोडक्यात लिहितो. रोबो हा वेगळा मार्ग नाही. त्यानेही पोटातून किंवा मागूनच जावे लागते, फक्त हाती येणारी हत्यारे अधिक वळतात. मूत्रपिंडाचा काही भाग वाचवून टाके घालायचे असतात तेव्हा त्याचा फायदा स्पष्ट जाणवतो. संपूर्ण मूत्रपिंड काढण्याच्या बाबतीत मात्र २०१७ साली अमेरिकेतील २३ हजारांहून अधिक रुग्णांच्या नोंदींचा अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात मोठ्या गुंतागुंतीचे प्रमाण साध्या दुर्बिणीइतकेच आढळले, वेळ आणि खर्च मात्र रोबोच्या गटात जास्त होता.

कटिबंध

शल्यवेध यांनी मांडलेले बहुतेक मुद्दे मला मान्य आहेत, परंतु मागच्या मार्गाची बाजू त्यांच्या प्रतिसादात जराशी थोडक्यात आटोपली, म्हणून सविस्तर लिहितो. मी गेली अनेक वर्षे मुख्यतः मागूनच मूत्रपिंड काढतो.

दुर्बिणीने मूत्रपिंड काढण्याची पहिली शस्त्रक्रिया डॉ. राल्फ क्लेमन यांनी १९९० साली अमेरिकेतील सेंट लुईस येथे केली. ती पोटातून होती आणि गाठ सुमारे तीन सेंटीमीटरची होती. मागून जाण्याचे प्रयत्न तोवर मागे पडले होते, कारण तिथली चरबी आणि पडदे नुसत्या वायूने नीट वेगळे होत नसत. तो तिढा १९९२ साली मुंबईच्या डॉ. गौर यांनी सोडवला. त्यांनी शस्त्रक्रियेचा हातमोजा रबरी नळीच्या टोकाला बांधला, तो बाराव्या बरगडीखालच्या लहान छेदातून आत सरकवला आणि रक्तदाब मोजण्याच्या यंत्राच्या पंपाने फुगवला. फुग्याने चरबी पुढे सारली आणि मागे स्वच्छ पोकळी उरली. आज यासाठी तयार फुगे मिळतात, पण तत्त्व तेच आहे आणि आपल्याकडच्या एका शल्यचिकित्सकाने ते जगाला दिले याचा मला मनापासून अभिमान वाटतो.

या मार्गाचा सर्वांत मोठा लाभ शल्यवेध यांच्याच युक्तिवादातून निघतो. धमनी शिरेच्या मागे असते, आणि आम्ही मागूनच येतो. पाठीचा सोआस नावाचा लांब स्नायू आडवा दिसू लागला की त्याच्या कडेने वर सरकत जावे, मूत्रपिंड पुढे उचलून धरावे, आणि समोर धमनीचे ठोके दिसतात. शीर ओलांडावी लागत नाही. मोठ्या, रक्ताळ गाठीत तर धमनी लवकर बंद होण्याचे महत्त्व अधिकच, कारण रक्तपुरवठा थांबताच पृष्ठभागावरच्या त्या फुगीर नसाही मऊ पडतात. २००५ साली अमेरिकेतील क्लीव्हलँड येथील शल्यचिकित्सकांच्या गटाने १०२ रुग्णांची चिठ्ठ्या टाकून विभागणी करून केलेली तुलना प्रसिद्ध केली. तिच्यात मागच्या मार्गाने धमनी आणि शीर दोन्ही कितीतरी लवकर ताब्यात आल्या, एकूण वेळही कमी लागला, आणि रक्तस्राव, गुंतागुंत व रुग्णालयातील मुक्काम यांत लक्षणीय फरक दिसला नाही.

तुमच्या आईंच्या बाबतीत पित्ताशयाच्या व्रणाचा मुद्दा मी हलका मानणार नाही. गर्भाशयाच्या ऑपरेशननंतरची चिकट खाली ओटीपोटात असते, तिचा इथे फारसा त्रास होत नाही. पण उघडून काढलेल्या पित्ताशयानंतर यकृताची खालची कड, मोठ्या आतड्याचा वळणाचा भाग आणि लहान आतड्याची सुरुवात हे सगळे एकमेकांना चिकटलेले असू शकते, आणि उजव्या मूत्रपिंडाकडे पुढून जाणारी वाट नेमकी तिथूनच जाते. मागून जाणाऱ्याला त्या भागाचे दर्शनही होत नाही.

मागच्या मार्गाचे धोके मात्र लपवणे योग्य नाही. तिथे ओळखीच्या खुणा कमी असतात आणि कॅमेरा थोडा जरी फिरला तरी दिशा चुकते. दिशा चुकल्यामुळे महाशिरेलाच मूत्रपिंडाची शीर समजून ती कापली गेल्याच्या घटना वैद्यकीय साहित्यात नोंदलेल्या आहेत. म्हणून सोआस स्नायू पडद्यावर कायम आडवा ठेवणे आणि कोणतीही मोठी वाहिनी बंद करण्यापूर्वी ती कुठून येते व कुठे जाते हे दोन्ही बाजूंनी पाहणे, हे दोन नियम मी माझ्या हाताखालच्या प्रत्येक शिकाऊ डॉक्टरकडून कटाक्षाने पाळून घेतो. शिवाय काम करताना उदरावरणाला छिद्र पडले तर वायू पुढे पोटात शिरतो आणि आधीच लहान असलेली आमची पोकळी दबून जाते.

खालच्या टोकाची साडेनऊ सेंटीमीटरची गाठ मागून निघते का? निघते, पण सवयीच्या हातांनी, आणि गाठ मागच्या बाजूला किती फुगली आहे यावर बरेच अवलंबून राहते. ती प्रामुख्याने पुढच्या बाजूला वाढलेली असेल तर मागे वाट मोकळी असते. मागे सोआसला टेकलेली असेल, तर मी स्वतः मागून जाणार नाही.

शल्यवेध

कटिबंध यांच्या शेवटच्या परिच्छेदाशी मी पूर्ण सहमत आहे, आणि अनुज्ञा यांच्या मूळ प्रश्नाचे बरेचसे उत्तर तिथेच आहे: गाठ पुढे वाढली आहे की मागे, हे अहवालातल्या एका आकड्यावरून कळत नाही. ते प्रतिमा पाहूनच कळते.

फक्त २००५ च्या त्या तुलनेविषयी एक सावधगिरी नोंदवतो. तिच्यातील गाठी सरासरीने सुमारे पाच सेंटीमीटरच्या होत्या, आणि संबंधित बाजूच्या पोटावर पूर्वी मोठी शस्त्रक्रिया झालेले रुग्ण तिच्यात घेतलेले नव्हते. म्हणजे या चर्चेत जे दोन मुद्दे अडचणीचे आहेत, मोठी गाठ आणि जुना व्रण, त्या दोन्हींविषयी ती चाचणी थेट काही सांगत नाही. चिकट असलेल्या पोटातही आम्ही जातो. पहिला छेद व्रणापासून दूर, डोळ्यांसमोर थर उघडत घेतो आणि कॅमेऱ्याखाली चिकट सोडवतो. वेळ वाढतो आणि आतड्याला इजा होण्याची जोखीम काही प्रमाणात वाढते, हे मान्य करायलाच हवे.

अनुज्ञा

आपणा दोघांचे मनापासून आभार. आता मतभेद कुठून येतो ते बऱ्यापैकी उमगले. दोन शंका उरतात. इतकी मोठी गाठ एवढ्याशा छिद्रांतून बाहेर कशी येते? तुकडे करतात का? आणि आईच्या शरीरावर, म्हणजे भूल, वेदना, खाणे-पिणे सुरू होणे यांवर, मार्गाचा काही परिणाम होतो का?

कटिबंध

तुकडे करू नयेत. क्लेमन यांच्या पहिल्या शस्त्रक्रियेत मूत्रपिंड पिशवीत घालून आतच बारीक केले होते, पण कर्करोगात तसे केले तर गाठ चरबीत किंवा शिरेत शिरली होती का हे पॅथॉलॉजिस्टला नेमके सांगता येत नाही, आणि पुढचे उपचार व तपासण्यांचे वेळापत्रक त्या उत्तरावर ठरते. म्हणून गाठ अखंड, मजबूत पिशवीत बंद करून, वेगळी चीर देऊन बाहेर काढतात. साडेनऊ सेंटीमीटरची गाठ अधिक उरलेले मूत्रपिंड अधिक सभोवतालची चरबी, असा ऐवज बराच मोठा होतो, त्यामुळे ही चीर लहान नसते हे आधीच समजून घ्यावे. चीर तोकडी ठेवून ओढाताण केली तर पिशवी फाटण्याचा धोका असतो, आणि दोन सेंटीमीटर वाचवण्यासाठी तो पत्करणे मला अजिबात पटत नाही. तुमच्या आईंच्या ओटीपोटावर जुनी आडवी चीर आहेच. बऱ्याचदा त्याच व्रणावरून पुन्हा उघडून मूत्रपिंड काढता येते. तिथे स्नायू कापावे लागत नाहीत, त्यामुळे कुशीतल्या चिरेपेक्षा दुखणे कमी असते आणि पुढे हर्निया होण्याची शक्यताही कमी असते.

भूलतज्ज्ञ

दुसऱ्या शंकेबद्दल मी लिहितो. दोन्ही मार्गांत पूर्ण भूल लागते. मागून करताना रुग्णाला पूर्ण कुशीवर वळवून टेबल कमरेपाशी वाकवतात, म्हणजे बरगडी आणि कमरेचे हाड यांतले अंतर वाढते. अशा स्थितीत काही तास राहिल्याने खालच्या बाजूचा खांदा, कमर आणि हाताच्या नसा यांवर दाब येतो, म्हणून प्रत्येक ठिकाणी मऊ गाद्या लावल्या आहेत का हे मी हात फिरवून तपासतो. पोटातून करताना कूस थोडी कलती असते, पण पोटात वायू भरल्यामुळे श्वासपटल वर ढकलले जाते. हृदयाचा किंवा फुप्फुसाचा आजार असेल तर हा दाब जाणवतो, आणि नंतर एखाद-दोन दिवस खांदा दुखतो. खांद्याला काही झालेले नसते, श्वासपटलाच्या चिडलेल्या नसेची ती कळ असते.

मागच्या मार्गात वायू पोकळीच्या कडांमधून त्वचेखाली पसरू शकतो. त्यामुळे रक्तात कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण वाढते आणि श्वासाचे यंत्र अधिक वेगाने चालवून तो बाहेर काढावा लागतो. त्याउलट आतड्यांना हात लागत नसल्यामुळे पोट फुगणे कमी असते आणि खाणे-पिणे अनेकदा थोडे लवकर सुरू होते. आठवडाभरानंतर मात्र दोन्ही मार्गांच्या रुग्णांत मला फारसा फरक दिसत नाही.

माझ्या दृष्टीने अधिक महत्त्वाची गोष्ट मार्गाशी निगडित नाहीच. शस्त्रक्रियेनंतर सगळा भार एका मूत्रपिंडावर येतो. वायूच्या दाबाखाली लघवी कमी होते, ती नंतर पूर्ववत होते, पण त्या काळात रक्तदाब घसरू न देणे आवश्यक असते. क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंड गाळून बाहेर टाकते तो रक्तातला टाकाऊ पदार्थ, सुरुवातीला वाढते आणि बहुतेकांत वाढलेल्या पातळीवर स्थिरावते. तुमच्या आईंना मधुमेह किंवा उच्च रक्तदाब असल्यास तो आधीच नीट आटोक्यात आणावा, आणि पुढे अंगदुखीसाठी आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक यांसारख्या गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ देऊ नयेत.

वैशाख

मी डॉक्टर नाही. माझ्या पत्नीचे डावे मूत्रपिंड काही वर्षांपूर्वी काढले, गाठ ११ सेंटीमीटरची होती. आमच्या डॉक्टरांनी या दोन्हींखेरीज एक तिसरा प्रकार वापरला होता, तो इथे कोणी लिहिला नाही म्हणून सांगतो. मूत्रपिंड काढण्यासाठी शेवटी मोठी चीर द्यावीच लागणार आहे, तर ती आधीच देऊन तिच्यातून एक हात आत घालून काम करू, असे त्यांनी सुचवले. चिरेवर एक गोल आवरण बसवतात, त्यातून हात आत जातो पण वायू बाहेर येत नाही. हाताने गाठ आधार देऊन उचलता येते आणि अचानक रक्त आले तर बोटाने दाबता येते, असे त्यांनी चित्र काढून दाखवले होते. पत्नीला चिरेच्या जागी काही आठवडे दुखत होते, उठताना ती पोटावर उशी दाबून धरत असे. आज ती सर्व कामे करते.

शल्यवेध

वैशाख, हा मुद्दा आणल्याबद्दल धन्यवाद, तो माझ्याकडून राहून गेला होता. हाताच्या मदतीने केलेली दुर्बिणीची शस्त्रक्रिया मोठ्या गाठींसाठी खरोखर उपयुक्त आहे. साधारण सात-आठ सेंटीमीटरची चीर पुरते, आणि शुद्ध दुर्बीण व पोट उघडणे यांच्यामधली ती एक भक्कम पायरी आहे. खालच्या टोकाची जड गाठ उचलून धरण्याची जी अडचण मी वर लिहिली, ती यात बऱ्याच अंशी सुटते. मात्र ही पद्धत बहुतांशी पोटातूनच वापरली जाते, त्यामुळे चिकटलेल्या आतड्यांचा प्रश्न कायम राहतो.

अनुज्ञा, पुढच्या भेटीत दोन्ही डॉक्टरांना स्कॅनच्या प्रतिमा पडद्यावर उघडायला सांगा आणि गाठ सोआस स्नायूला टेकली आहे का, धमन्या किती आहेत आणि त्या गाठीमुळे कुठे सरकल्या आहेत, हे दाखवून घ्या. सात सेंटीमीटरपेक्षा मोठ्या गाठी त्यांनी सुचवलेल्या मार्गाने ते नियमितपणे काढतात का, हेही विचारा. एखाद्याला मागच्या मार्गाची सवय असेल तर त्याला पोटातून जायला लावण्यात, किंवा याच्या उलट करण्यात, रुग्णाचे हित नाही. आणि कोणत्या परिस्थितीत ते पोट उघडतील हे आधीच बोलून ठेवा. मी प्रत्येक संमतिपत्रावर ही शक्यता स्वतःच्या हाताने लिहितो आणि नातेवाइकांना वाचून दाखवतो, म्हणजे मध्येच निर्णय घ्यावा लागला तर बाहेर बसलेल्यांना काहीतरी चुकले असे वाटत नाही.

अनुज्ञा

नक्की विचारेन. शेवटचा प्रश्न: दोघांची पुन्हा भेट घेण्यात दोन-तीन आठवडे जातील. तेवढे थांबणे धोक्याचे आहे का?

कटिबंध

सहसा नाही. या गाठी महिनोन्‌महिने, कित्येकदा वर्षानुवर्षे वाढत आलेल्या असतात आणि विचारपूर्वक निर्णयासाठी लागणाऱ्या दोन-तीन आठवड्यांनी चित्र बदलण्याची शक्यता कमी असते. तरीही लघवीतून रक्ताच्या गुठळ्या पडू लागल्या, ताप येऊ लागला, वजन झपाट्याने उतरले किंवा पायांवर नव्याने सूज आली, तर भेटीची वाट न पाहता लगेच कळवा. पायांवरची सूज मी मुद्दाम लिहीत आहे, कारण गाठ शिरेतून महाशिरेत सरकू लागल्याचे ते लक्षण असू शकते, आणि तसे झाले असेल तर ही सगळी चर्चा बाजूला ठेवून शस्त्रक्रियेचा आराखडा नव्याने करावा लागतो. त्याच कारणासाठी, शस्त्रक्रियेचा दिवस ठरेपर्यंत सीटी स्कॅन महिन्याहून जुना झाला असेल तर शिरा पुन्हा एकदा तपासून घ्याव्यात का, हे आपल्या शल्यचिकित्सकांना आवर्जून विचारा.